लाल टॅगचा मान

आधी चहा संपवा. ऐकताना तुम्ही हसणार, हसताना चहा सांडणार, आणि तेही खापर माझ्याच डोक्यावर फुटणार. माझ्या डोक्यावर सध्या जागा नाही. आमच्या कंपनीतल्या चांगल्या चांगल्या वस्तू मी स्वतःच्या हातानं भंगारात घातल्या. चोरून नाही हं, दिवसाढवळ्या, ‘जपून, जपून’ म्हणत. बरं, गोष्ट तिथं संपली असती तरी चाललं असतं.

मी कोकरे. मूळचा खुटबावचा, नोकरीमुळं कारेगावात राहतो. आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवते आणि मी तिथल्या ट्रेनिंग शेडचा मास्तर. आयटीआय करून आलेली आसपासची पोरं-पोरी माझ्याकडं शिकतात आणि हात बसला की लाईनवर जातात. शेडमध्ये वैभव म्हणाल तर लोखंड कातायची एक लेथ, पकडीचे व्हाइस बसवलेली टेबलं आणि मापं घ्यायची हत्यारं. लेथ जुनी, पण पोरांचे हात त्या लेथवरच तयार होतात. दिवसभर मी त्यांना बजावत असतो, शंका विचारा, लाजू नका. स्वतः मात्र मी कधी विचारत नाही. मास्तरच विचारायला लागला तर त्याला मास्तर कोण म्हणेल?

मागच्या काही महिन्यांपासून कंपनीची तब्येत जरा नरम होती. ज्या मोठ्या कंपनीला आमचा बहुतेक माल जातो, त्यांनी कळवलं की सोमवारी आमची माणसं येतील. तुमच्याकडं माणसं नीट शिकवून लाईनवर पाठवतात का, ते बघतील. पटलं तर नवीन ऑर्डर. नाही पटलं तर काय, ते आमचे प्लँट हेड सक्सेना साहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले.

“कोकरे, ऑर्डर गई तो सबसे पहले आपका शेड बंद होगा. बच्चे घर, आप भी घर.”

झोप उडाली हो माझी. स्वतःची नोकरी तर होतीच, पण ती पोरं? एकेकाच्या घरी ‘आमचा कंपनीत लागला’ म्हणून पेढे वाटून झालेले.

शनिवारी साहेबांनी सगळ्या विभागांची मीटिंग घेतली. पाहुणे यायच्या आधी आवराआवर कशी करायची, ते समजावायला सुरुवात केली आणि नेमका आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे वडील. मेंढरांचं जंताचं औषध यवतहून आण, एवढंच सांगायचं होतं. पण आबांना कमी ऐकू येतं, त्यामुळं ‘आणतो’ हा एक शब्द मला कंपनीच्या गेटपर्यंत जाऊन ओरडून सांगावा लागला. परत आलो तर मीटिंग संपत आलेली. साहेबांनी माझ्या हातात दोरी लावलेल्या लाल कार्डांचा गठ्ठा ठेवला.

“सोच-समझ के लगाना. मंडे सुबह गाड़ी आएगी. लाल टैग लग गया, मतलब फैसला हो गया.”

तुमच्यापैकी जे कारखान्यात आहेत ते आत्ताच गालात हसायला लागलेत. बाकीच्यांसाठी सांगतो. लाल टॅग म्हणजे नको असलेली वस्तू. अडगळ शोधायची, तिला लाल टॅग बांधायचा, गाडी आली की बाहेर. सगळ्या कंपन्यांत हीच रीत. आणि ही रीत साहेबांनी मी गेटवर ‘औषध, औषध’ म्हणून ओरडत होतो तेव्हा सांगितली होती.

कुणाला तरी विचारायचं ना? नाही. मी माझं डोकं चालवलं.

आमच्या घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. आता शेती आहे, तरी आबांनी थोडी राखलीच आहेत. मी शिकायला बाहेर असायचो, पण सुट्टीत बघितलेलं मला लख्ख आठवत होतं. आबा काही मेंढरांच्या पाठीवर लाल रंगाचा पट्टा ओढायचे. त्या लाल मेंढरांचा थाट काय सांगावा! त्यांना पेंड, त्यांना मका, त्यांची अंगं धुऊन-पुसून. बाकीची बिचारी बाभळीच्या शेंगा चघळत उभी. मग लाल म्हणजे काय? लाल म्हणजे लाडकं. लाल म्हणजे ठेवायचं. गाडी येणार, लाल सोडून बाकी सगळं नेणार. यात विचारण्यासारखं आहे काय?

पहिला टॅग मी लेथला बांधला. चांगली दुहेरी गाठ मारली. स्टोअरचे गव्हाणे तिथून चालले होते, ते थबकले.

“सर, लेथला टॅग?”

“मग? पहिला मान तिचाच.”

“धाडस हाय बाबा तुमच्यात,” गव्हाणे म्हणाले. “नवी घेणार वाटतं सायेब.”

मला काही उलगडा झाला नाही, म्हणून मी मान डोलावली. मग स्टोअरमध्ये डोकावलो, तर गव्हाण्यांनी टॅग बांधला होता चाक तुटलेल्या ट्रॉलीला. गळक्या ड्रमला. मनात म्हटलं, काय हा लोभ, गळका ड्रमसुद्धा सोडवत नाही माणसाला.

कँटीनच्या शेवंता मावशींनी माझ्या हातातला गठ्ठा पाहिला. “सर, कसलं हो ते लाल लाल?”

“ज्याला हे लागलं, त्याची काळजी मिटली, मावशी.”

“मंग माझ्या चहाच्या बॉयलरला बी बांधा की एक.”

बांधला. आता मावशींवर उपकार करायचे आणि साहेबांना विसरायचं, हे बरं दिसतं का? मीटिंग हॉलमध्ये साहेबांची नवी फिरती खुर्ची होती, तिलाही बांधला. उरलेले टॅग टेबलांना, हत्यारांच्या कपाटाला आणि पिण्याच्या पाण्याच्या कूलरला. रविवारी मी इतका शांत झोपलो की बायकोनं दोनदा हलवून बघितलं.

सोमवारी सकाळी हायड्रा क्रेन आली, मागं टेम्पो. टेम्पोबरोबर शिरूरचे रफिकभाई. हे भंगाराचा धंदा करतात हे मला ठाऊक नव्हतं, मी त्यांना वाहतूकवाले समजत होतो. लेथ उचलायला लागले तेव्हा मी म्हटलं, असेल, पाहुण्यांसाठी मोठ्या हॉलमध्ये मांडणार असतील. पोरांना हाताशी घेऊन मी स्वतः टेकू दिला. खाली गोणपाट अंथरलं. रफिकभाई माझ्याकडं बघतच राहिले.

“सर, मशीन तर लई चांगली हाय. जीव व्हतोय का द्यायचा?”

“तुमच्या हातात देतोय म्हणून काळजी नाही,” मी म्हणालो. “जपून न्या.”

“आमच्याशी असं आजवर कुणी बोललं न्हाई,” रफिकभाई म्हणाले आणि गाडी शेडसमोरून निघाली.

मी शेडमध्ये आलो. पोरं भिंतीला टेकून उभी. समोर काय उरलेलं? एक मोडका स्टूल, गंजलेले पाइप, मागच्या वर्षीचं कॅलेंडर. माझं तोंड आनंदानं फुललेलं. ‘आता हे पण नेतील,’ मी पोरांना सांगितलं. मग गव्हाण्यांना हाक मारली, “हॉलात मांडून झाली का लेथ?”

“कुठला हॉल? भंगारात गेली की ती. शिरूरला.”

“भंगारात?”

“लाल टॅग तुम्हीच बांधला न्हवं का?”

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. गव्हाण्यांकडून नंबर घेऊन रफिकभाईंना फोन लावला, उचलेनात. पुन्हा लावला, उचलेनात. गव्हाण्यांची मोटरसायकल घेतली आणि शिरूरच्या रस्त्याला लागलो. डोळ्यांपुढं एकच चित्र, गॅसकटरची निळी ज्योत आणि माझी लेथ. मधेच खिशात फोन वाजायला लागला. गाडी कडेला घेतली. साहेब.

“कोकरे, कहाँ हैं आप? गेस्ट पुणे से निकल गए हैं. और मेरी कुर्सी कहाँ है?”

“आणतो साहेब,” मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

रफिकभाईंच्या वखारीत शिरलो तर समोर साहेबांची फिरती खुर्ची, आणि खुर्चीत रफिकभाई. आमच्या मावशींचा बॉयलर शेजारी पेटवून त्यांनी माणसांना चहासुद्धा केला होता. पलीकडं एक माणूस डोळ्यांना चष्मा लावून, हातात कटर घेऊन लेथकडं निघालेला.

“थांबा,” मी ओरडलो, आणि सरळ लेथला मिठीच मारली.

रफिकभाईंनी सगळं ऐकून घेतलं. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांना जन्मभर दुवा देईन. एवढंच म्हणाले, “सर, मला तवाच वाटलं. भंगाराला कुणी गोणपाट अंथरतंय व्हय?”

हायड्रा तोवर दुसऱ्या कामावर गेलेली. ती यायची वाट बघताना मी त्या वखारीत किती येरझाऱ्या घातल्या, देवाला ठाऊक. फोन वाजत होता, मी उचलत नव्हतो. उचलून सांगू काय? शेवटी हायड्रा आली, सगळं पुन्हा चढलं, आणि मी टेम्पोच्या मागं लेथला धरून उभा राहिलो. पुढं मोटरसायकल रफिकभाईंनी चालवली, मागं हायड्रा.

आम्ही गेटमधून आत शिरलो तेव्हा पाहुणे शेडच्या दारातच उभे होते. एक बाई आणि त्यांच्याबरोबर दोघं. आत मोडका स्टूल. शेजारी साहेब, चेहरा पांढराफटक. आणि त्यांच्या समोर येऊन थांबला भंगाराचा टेम्पो, त्यात लेथ, बॉयलर, खुर्ची आणि मी.

“हे काय आहे?” बाईंनी विचारलं. मराठीत.

खोटं बोलायची ताकदच नव्हती. मी टेम्पोतूनच सगळं सांगून टाकलं. फोन, लाल पट्टा, मेंढरं, गोणपाट. “मॅडम, चूक माझी आहे,” मी म्हणालो. “शेड बंद करायची तर करा, पण पोरांचं काम एकदा बघून जा. त्यांना शिकवताना मी चुकलेलो नाही.”

बाईंनी लेथ खाली उतरवून घ्यायला लावली, वायर जोडायला लावली आणि दिसेल त्या पोराला काम दिलं. पोरांनी, माझ्या पोरांनी, मापात काम करून दाखवलं. जाताना बाई साहेबांना म्हणाल्या, “शेड ठेवा. मशीनसाठी टेम्पोत उभा राहून येणारा मास्तर मी पहिल्यांदाच बघितला.”

साहेब मला ओरडतील असं वाटलं होतं. पण ऑर्डर आणि शेड दोन्ही वाचल्यामुळं ते हवेत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी हुकूम काढला की आपल्या प्लँटमध्ये लाल टॅग बंद. इथल्या धनगर परंपरेत लाल रंग जपण्याचा आहे, त्या परंपरेचा आदर म्हणून भंगाराला यापुढं पिवळा टॅग. भिंतीवर मोठा बोर्ड लागला, त्यावर लाल पट्ट्याच्या मेंढराचं चित्र. येईल त्या पाहुण्याला साहेब ते चित्र दाखवतात. वर मला म्हणाले, पुढच्या वेळी बाई येतील तेव्हा तुमच्या वडिलांना आणा, ही परंपरा त्यांच्याच तोंडून ऐकू द्या सगळ्यांना.

काय छाती फुगली म्हणता! रविवारी खुटबावला गेलो आणि आबांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात.

“लाल म्हंजी ठेवायची?” आबा म्हणाले. “तुला कुणी सांगितलं?”

“मी बघितलंय ना आबा. लाल पट्टा ओढला की त्यांना पेंड, मका, आंघोळ.”

“आरं, बाजाराला काढलेली मेंढरं ती. गिऱ्हाइकाला अंगानं भरलेली दिसाया नगं? म्हणून चार दिस जास्तीचं खायाला घालायचो. ठेवायच्या मेंढराला रंग कशापायी फासू?”

बोर्ड डोळ्यांपुढं आला, चित्रासकट.

“आबा, आता साहेबांना काय सांगायचं? नोकरी जाईल माझी.”

आबांना दया आली. पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “जाऊ दे गेली तर. घरी ये. आपली मेंढरं राख.”

मला भरून आलं. आबा थोडा वेळ मेंढरांच्या वाड्याकडं बघत बसले. मग त्यांनी हळूच माझ्या पाठीवरचा हात काढून घेतला.

“न्हाई, नगंच,” ते म्हणाले. “मेंढरं चांगली हायती.”