भोंगा कुणासाठी होता

मदिन्याच्या पश्चिमेला काळ्या दगडांचं ओसाड माळरान आहे. कधीकाळी तिथल्या ज्वालामुखीच्या डोंगरातून वाहिलेला लाव्हा तिथे थिजलाय. त्या वर्षी त्याच्या खालची जमीन पुन्हा थरथरू लागली.

तिथल्या भूकंपमापक यंत्रांची देखभाल माझ्याकडे होती. सौदीकरणाचं वारं जोरात होतं, म्हणून माझ्या हाताखाली एक सौदी इंजिनिअर दिला होता. मी त्याला शिकवायचं आणि त्याने माझी जागा घ्यायची. म्हणजे आपल्याच हाताने पायावर धोंडा. माणूस सालस होता, तरी मला त्याचा राग यायचा.

धक्के वाढले तसा आम्ही इशारा दिला. तो द्यावा की नाही, यावर ऑफिसात केवढा खल झाला होता! मग माळाजवळच्या गावातून भोंग्याच्या गाड्या फिरल्या, ‘सर्व कुटुंबांनी बाहेर पडावं.’ बघता बघता गाव ओस पडलं.

यंत्राची बॅटरी बदलायला आम्ही दोघं गेलो, तर खजुराच्या बागेत पंप चालू. लुंगी खोचून एक माणूस झाडांना पाणी देत होता. त्याच्या हिंदीतलं कोकण लपेना. म्हसळ्याचा निघाला. मी रत्नागिरीचा.

“अरे, भोंगा ऐकला नाहीस?”

“आयकला ना, भाय. पन तो फॅमिलीवाल्यांना व्हता. मी एकटा.”

मला हसू आलं, पण क्षणभरच. सार्वजनिक बागेच्या फाटकावर, हॉटेलाच्या दारावर ‘फॅमिली’ची पाटी दिसली की एकट्या माणसाने मागे फिरायचं, हे आम्ही सगळेच शिकलो होतो. तो ते जरा जास्तच नीट शिकला होता.

“आता मी सांगतो ना. चल.”

तो हलेना. कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा व्हिसा तो मालक, मदिन्याला गेलेला, फोन बंद. न विचारता बाग सोडली तर तो हुरूब लावणार, म्हणजे पळून गेल्याची नोंद करणार. मग तुरुंग आणि घरी रवानगी.

“डोंगर फुटंल का नाय, ठाव नाय. हुरूब नक्की लागंल.”

माझाही इकामा, तिथे राहायचा परवाना, दुसऱ्याच्याच हातात होता. मी सगळं अरबीत माझ्या सहकाऱ्याला सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

“त्याला सांग, तो माझ्या चेहऱ्यावर आहे.”

आपण शब्द देतो, तिथले बदू, वाळवंटातले टोळीवाले, चेहरा देतात. ज्याला चेहरा दिला त्या माणसाला इजा झाली, तर बोलणाऱ्याला आपल्या कबिल्यात तोंड दाखवायची सोय उरत नाही. मला हे भाषांतर करावं लागलं नाही. म्हसळेकराने पंप बंद केला, बोचकं घेतलं आणि मागच्या सीटवर येऊन बसला. त्या क्षणी माझा राग ओसरला. माझ्या जिभेवर कोकणी होती, पण असा चेहरा मला कुठून आणता आला असता?

बराच रस्ता मागे पडल्यावर मागून आवाज आला.

“भाय, फुटंल ना पन?”

“काय?”

“डोंगर. नाय फुटला तर कफील इचारील, बाग कशापाय सोडलीस.”

तो फुटू नये म्हणून आम्ही कित्येक रात्री दुआ मागितली होती. आमच्याच गाडीत मागे बसलेला माणूस तो फुटावा म्हणून दुआ मागत होता. मी मागे वळूनही पाहू शकलो नाही.

डोंगर फुटला नाही. धक्के विरत गेले, माणसं घरी परतली. ऑफिसात मिठाई वाटली, सगळे एकमेकांची गळाभेट घेत होते. माझा सहकारी त्या दिवशी रजेवर होता. म्हसळ्याच्या त्या माणसाला घेऊन तो कफीलच्या दारात उभा होता.