नौदलाचा फॉर्म

पाणबुडी दलातला मोठा अधिकारी वसंता निवृत्त झाला. आज त्याचा फोटो पेपरात पाहिला आणि पंचावन्न सालची वर्ध्याच्या कॉलेजातली दुपार आठवली. आम्ही दोघे एकाच गावचे. आमच्या वस्तीतून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. सर आमचे नौदलाचे फॉर्म भरून घेत होते.

"पोहता येते का?" त्यांनी मला विचारले.

"नाही, सर."

वसंता हसला. "काऊन बे? गावात एवढी मोठी विहीर, अन् तू शिकला नाई?"

त्या विहिरीला आमच्या वस्तीतल्या कोणी शिवायचे नाही, असा गावचा नियम होता. मी फॉर्म घडी करून खिशात ठेवला.

नौदलात पोहायला शिकवतात, हे मला फार उशिरा कळले. त्या दिवशी मात्र मला माझीच लाज वाटली होती.