साड्यांच्या शेजारची जागा

माझे वडील, आप्पा, अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला गावी जाणार होते आणि या वेळी परत येणार नव्हते. बावीस वर्षं लूमच्या खडखडाटात उभं राहून त्यांचे कान गेले होते. खात्यातल्या, म्हणजे लूमच्या कारखान्यातल्या, मुकादमाने हाक मारली तर त्यांना ओठ हलताना दिसायचे, आवाज यायचा नाही. धुळ्याकडच्या आमच्या गावात काकांनी एक खोली रिकामी करून ठेवली होती. सुरतेत लिंबायतच्या आमच्या घरातून त्यांना फक्त कपड्यांची एक पिशवी न्यायची होती. पत्र्याची पेटी ते माझ्याकडे सोडणार होते.

त्या पेटीत त्यांची पत्रकं होती. खात्यात प्यायचं पाणी ठेवा, आठवड्याची सुट्टी द्या, कानात कापसाचे बोळे घाला. असली साधी पत्रकं, पिवळ्या, गुलाबी, हिरव्या कागदावर छापलेली. खाली कुणाचंच नाव नसे. नावाच्या जागी एकच ओळ असे : ‘वाचून झाल्यावर पुढच्याला द्या.’ मी वाचायला शिकले ती यांच्यावरूनच. शाळेच्या पुस्तकात क कमळाचा होता, आमच्या घरात क कामगाराचा. पुढे मी मोठी झाले तशी पत्रकं लिहू लागले आणि आप्पांची वाक्यं मला मऊ वाटू लागली. ‘मालकांना विनंती’ असं त्यांनी लिहिलं की मी विनंती खोडून मागणी लिहायचे. ते चष्म्यावरून बघायचे, हसायचे आणि तसंच छापायला द्यायचे.

पेटीतल्या कागदांना वाळवी लागली तेव्हा मी ठरवलं की सगळी पत्रकं इंटरनेटवर चढवायची आणि आप्पा जाण्याआधी त्यांना ती तिथे दाखवायची. नव्व्याण्णव साल होतं. रिंग रोडवरच्या एका दुकानात मी साड्यांच्या बॉक्सवरची लेबलं कॉम्प्युटरवर जुळवायचे. जेवणाच्या सुट्टीत तिथल्याच स्कॅनरवर एकेक पत्रक ठेवायचे. मराठी अक्षरं दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर दिसतील याची खात्री नसायची, म्हणून पत्रकांचे फोटोच चढवायचे होते. अखाजीला दोन महिने होते.

इंटरनेटवरची जागा विकणारे एक गुजराती काका होते, आमच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. त्यांनी मला दोन प्रकार समजावले. अमेरिकेत एक मोठा कॉम्प्युटर असतो. त्यावर शेकडो साइट एकत्र राहतात, झाडलोट आणि राखण कंपनी करते. ही शेअर्ड जागा. दुसरा प्रकार तेव्हा नुकता आला होता. कॉम्प्युटर तोच, पण मधे भिंती घालून एक खोली फक्त तुमची. किल्ली तुमची, झाडूही तुमचा. ते त्याला व्हर्च्युअल सर्व्हर म्हणत; आता सगळे व्हीपीएस म्हणतात. तो बराच महाग होता. मी त्यांना विचारलं की शेअर्ड जागेत आमचे शेजारी कोण असतील. त्यांनी मोठ्या उत्साहाने आपली गिऱ्हाइकं दाखवली. तिसऱ्याच नावावर माझं बोट थांबलं. आप्पा ज्याच्या खात्यात लूम चालवत होते, त्याच मालकाचं साड्यांचं दुकान.

मी तिथेच भाषण केलं. पाण्याचा माठ ठेवा म्हणून ज्याच्याविरुद्ध सात पत्रकं निघाली, त्याच्या साड्यांशेजारी ती पत्रकं राहणार नाहीत, असं काहीतरी. काकांनी शांतपणे ऐकलं आणि मला चहा दिला.

“बेन, तमारी साइट नानी छे,” ते म्हणाले. तुमची साइट छोटी आहे, तिला वेगळी खोली कशाला. आणि ती झाडणार कोण? त्यांचा स्वतःचा फायदा महाग वस्तू विकण्यात होता, तरी त्यांनी हे मला तीनदा सांगितलं. मला मात्र त्यातला ‘छोटी’ हा शब्द तेवढा लागला. मी व्हर्च्युअल सर्व्हर घेतला.

मग फॉर्म भरायची वेळ आली. जबाबदार व्यक्तीचं नाव, असा रकाना होता. पत्रकवाल्यांच्या घरात वाढलेली मुलगी तिथे स्वतःचं नाव कसं लिहील? मी वस्तीतल्या आमच्या पाच जणांच्या वाचनमंडळाचं नाव लिहिलं. ईमेलसाठी मंडळाच्या नावाने एक नवा पत्ता उघडला आणि पासवर्ड पाचही जणांना दिला, कारण मंडळात कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही. पाचही जणांना अभिमान वाटला. पाचही जणांनी धरून चाललं की टपाल दुसरा कुणीतरी बघत असेल.

पत्रकं चढली. मी एकही गाळलं नाही. आप्पांच्या हाताने दुरुस्त केलेली प्रुफंसुद्धा चढवली, आणि अक्षर न् अक्षर दिसावं म्हणून चित्रं भलीमोठी ठेवली. दोनेक आठवडे मी रोज साइट उघडून बघायचे. नंतर दुकानात लग्नसराईच्या लेबलांची घाई सुरू झाली आणि ते राहून गेलं.

अखाजीच्या दहा दिवस आधी, सुट्टीच्या सकाळी, आप्पांना घेऊन मी उधन्याच्या सायबर कॅफेत गेले. त्यांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. चष्म्याची काच घरी पुसली होती, दारातही पुन्हा पुसली. मी त्यांना खुर्चीत बसवून पत्ता टाइप केला. पांढरं पान आलं, त्यावर इंग्रजीत दोन ओळी. पुन्हा टाइप केला. तेच पान.

“काय वं बेटा, दिखस का काही?” आप्पांनी विचारलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही. सगळं कॅफे वळून बघू लागलं.

मंडळाचं टपाल मी तिथेच उघडलं. कंपनीची पत्रं ओळीने पडली होती, एकही न उघडलेलं. तुमची जागा भरत आली आहे. तुमची जागा भरली आहे. जबाबदार व्यक्तीने लक्ष घालावं. शेवटच्या पत्रात सर्व्हर बंद पडल्याचं कळवलं होतं. खोली आमची, किल्ली आमची, आणि आत कचरा छतापर्यंत. तो कसा काढतात हे मला येत नव्हतं.

परतताना शटल रिक्षात मागे चौघं आणि पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक असे आम्ही कोंबून बसलो. आप्पांनी विचारलं, काय झालं. त्यांच्या कानात ओरडून सांगण्याखेरीज इलाज नव्हता, त्यामुळे शेअर्ड आणि स्वतंत्र सर्व्हरमधला फरक लिंबायतपर्यंत सगळ्या रिक्षाने ऐकला. मालकाच्या साड्यांशेजारी राहायला नको म्हणून मी वेगळी खोली घेतली, हेही ऐकलं. माझ्या मांडीवर जिच्या मेथीच्या जुड्या टेकल्या होत्या ती बाई म्हणाली, “मग रिक्षा तरी वेगळी करायची होती. माझी भाजी चेपली.” पुढचे दोघे हसले. मी नाही हसले. माझे डोळे भरून आले होते.

आम्ही घरी आलो. आप्पांनी पेटी पुढे ओढली आणि तळातून एक गठ्ठा काढला. सगळ्या कागदांच्या कडेला पाण्याचा तपकिरी डाग होता, पण फक्त कडेलाच. ते सांगू लागले. आई आणि मी सुरतेला येण्याआधी सहा वर्षं ते दहा जणांच्या खोलीत राहायचे. खाटा पाच. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच खाटेवर आडवा व्हायचा. त्यांच्या खाटेचा दुसरा वाटेकरी ओडिशाचा होता. सकाळी सात वाजता दारात भेट व्हायची, एक आत, एक बाहेर. प्रत्येकाची चादर-उशी आपापल्या खिळ्याला. पत्रकांची पेटी खाटेखाली.

एका पावसाळ्यात दुपारी खाडीचं पाणी खोलीत शिरलं. आप्पा पाळीवर होते. तो माणूस झोपेतून उठला आणि त्याने आधी पेटी उचलून माळ्यावर टाकली. त्याची स्वतःची चादर वाहून गेली. त्याला मराठीचं अक्षर वाचता येत नव्हतं. शिवाय तो मालकाच्या मर्जीतला होता, हे सगळ्या खोलीला ठाऊक होतं. आप्पांची पत्रकं त्याच मालकाविरुद्ध असतात, हे त्यालाही ठाऊक होतं.

“मग त्याने का वाचवली?” मी वहीवर लिहून विचारलं. ओरडायचं त्राण नव्हतं.

“माले नही माहीत,” आप्पा म्हणाले. “खाट कोनी शे, हे आम्ही कधी इचारं नही. आपली चादर आपली, एवढंच पाहायचो.” गठ्ठा पुन्हा पेटीत ठेवत ते म्हणाले, “पत्रकावर नाव नसतं, बेटा. पण दार वाजलं तर ओ द्यायला कोणीतरी लागतंच.”

दुसऱ्या दिवशी मी वरच्या मजल्यावर गेले. काकांनी ‘मी सांगत होतो’ असं एकदाही म्हटलं नाही. जुन्या खोलीतलं सगळं काढायला त्यांनीच मदत केली, चित्रं लहान कशी करायची ते दाखवलं, आणि शेअर्ड जागेचा फॉर्म पुढे ठेवला. जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं. चुकल्यासारखं वाटलं, आणि बरंही वाटलं. पाण्याच्या माठाची सातही पत्रकं मी पहिल्या पानावर ठेवली. शेजार मान्य केला होता, भांडण सोडलं नव्हतं.

आप्पांची गाडी होती त्याच्या आदल्या सकाळी आम्ही पुन्हा कॅफेत गेलो. तोच पांढरा शर्ट. आमच्या मागे निकाल बघायला आलेली एक कॉलेजची मुलगी उभी होती. पान उघडलं. मी प्लेगच्या वर्षाचं, चौऱ्याण्णवचं, पत्रक निवडलं, ज्या वर्षी निम्मी वस्ती मिळेल त्या गाडीने गावाला पळाली होती. चित्र वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरत होतं आणि आप्पा उतरेल तसं वाचत होते, मोठ्याने, सगळ्या कॅफेला ऐकू जाईल असं. गावी गेलात, बरं केलंत. तिथेही पाणी उकळून प्या. पोरांना जपा. खोलीची काळजी करू नका, मागे राहिलेले कुलपावर लक्ष ठेवून आहेत.

इथे त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. मी स्क्रीनकडे बघत राहिले, त्यांच्याकडे बघवेना. इतक्या वर्षांत मी त्यांच्या किती विनंत्या खोडल्या होत्या, पण या पत्रकात खोडण्यासारखं काही नव्हतं.

शेवटची पट्टी उतरली. आप्पांनी नावाच्या जागची ती नेहमीची ओळही वाचली, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि उठून खुर्ची त्या मुलीपुढे सरकवली.