झिपरूच्या भट्टीची शेवटची बाटली

रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात शालिग्राम नानांच्या जिभेला फार मान होता. केळीची बाग त्यांची बरी होती, पण खरं नाव झालं ते दुसऱ्याच्या दारूला नावं ठेवण्यात. कुणाकडे बाटली उघडली की पहिला घोट नानांना. नाना तो तोंडात फिरवत, बाजूला थुंकत आणि म्हणत, "पानी." मग बाकीचे लोक ते पाणी आनंदाने संपवत.

नाना प्रत्येक दारू एकाच दारूशी ताडून बघत. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचा जिवलग झिपरू मोहाची भट्टी लावायचा, तिथल्या दारूशी. सरकारने भट्ट्या बंद केल्या तेव्हा झिपरूने पहिल्या धारेची शेवटची बाटली लाखेने बंद करून नानांना दिली. "दोघं मिळून पिऊ," म्हणाला. पुढच्याच वर्षी मानमोडीच्या तापाची साथ आली. नाना मरता मरता वाचले आणि झिपरू गेला. एकट्याने कशी प्यायची, म्हणून बाटली धान्याच्या कोठीत तशीच राहिली. तिच्या जोरावर नाना वर्षानुवर्षं जगाची दारू थुंकत राहिले.

शेवटी शेजारचा अभिमन कंटाळला. "नाना, फोडा ती बाटली एकदा. नाहीतर झिपरूचीबी तशीच व्हती म्हना."

हे नानांना झोंबलं. झिपरूचं नाव आणि स्वतःची जीभ, दोन्ही पणाला लागली. त्यांनी आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, दिवस धरला. आखाजीला आमच्याकडे गेलेल्या माणसांच्या नावाने विस्तवावर आगारी टाकतात. पुरणपोळीचा घास, तूप, आणि ज्याला जे आवडायचं तेही. झिपरूला मूलबाळ नव्हतं. त्याची आगारी नाना टाकणार, वर दारूची धार सोडणार आणि मग स्वतः एक घोट घेणार, असं ठरलं. त्यांच्या पत्नी मंजुळाबाई "नका फोडू" म्हणाल्या. नाना बायकोचं ऐकणाऱ्यांतले नव्हते.

पहिल्या धारेची दारू विस्तवावर भडकते. म्हणून नानांनी मिशा वाचवायला मान मागे घेतली आणि धार सोडली. विस्तव चर्र झाला आणि विझला.

नानांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, सवयीने थुंकला.

"पानी?" अभिमनने विचारलं.

मंजुळाबाई दाराआडून पुढे आल्या. "मानमोडीत तुमाले सुध नव्हती. झिपरूभाऊ रोज उशाशी बसेल व्हते. त्याईनंच बाटली फोडली. छातीले चोळली, उरली ते चमच्यानं पाजली. मंग पानी भरून वरून लाख लावली. म्हने, वहिनी, सांगू नका, नाहीतर हा बाटलीसाठी रडत बसीन."

"मी पेलो?" नानांनी विचारलं. "मंग काय म्हनलो मी?"

"तुमी थुकले. म्हनले, झिप्र्या, पानी टाकलं."

"आन तो?"

"हसले. म्हने, आता मरत नाही हा. मंग त्याईलेच ताप भरला."

नाना रडले, मोठ्याने, अभिमनच्या देखत. मग त्यांनी दुसरी गोवरी पेटवली, झिपरूच्या नावाने पुन्हा घास टाकला आणि हात जोडून म्हणाले, "झिपरू, पानी नव्हतं रे त्यात."