जळकोटच्या माळावरच्या पाच बहिणी

"जळकोटला येतोय, उंटांचं रक्त घ्यायला," असा प्रकाशचा फोन आला आणि मी लगेच रजा टाकली. मैत्रीखातर नव्हे. एका बाकावर बसून आम्ही एकच जीवशास्त्र शिकलो; तो शास्त्रज्ञ झाला, मी अकरावीच्या वह्यांतले बेडूक तपासतो. हा माणूस कुठंतरी घसरलेला मला बघायचा होता.

तुम्हाला जायचं असेल तर धाराशिवहून तुळजापूर, नळदुर्ग, मग जळकोट. यष्टीनं जाता येतं. आम्ही प्रकाशच्या गाडीतून गेलो, तिचा एसीसुद्धा चालतो. वाटेत मी भजी खाल्ली, त्याला उपास होता. पोटही त्याचंच सपाट.

हायवेपासून आत, कापणी झालेल्या रानात कच्छकडच्या मेंढपाळांचा तळ होता. त्यांचं बिऱ्हाड उंट वाहतात. खतासाठी कळप बसवून घेतलेले रानमालक प्रकाशला म्हणाले, "सायब, उंटाचं लई बघता, आमचं बी रक्त घ्या की. दवाखान्यात कुणी हात लावंना." प्रकाश हसला, आणि त्यांना तो आवडलाच. माझं नावही कुणी विचारलं नाही.

त्यानं आठ उंटिणींच्या मानेतून रक्त घेतलं. आजाराशी लढणारी जनुकं जनावरागणिक जितकी वेगळी, तितका एकाच साथीत अख्खा कळप जायचा धोका कमी. उंटांत हा फरक म्हणे फार थोडा. तोच त्याला मोजायचा होता.

मी चहा पीत बसलो. चहा देणाऱ्या जेठीबेन दरसाल येऊन मराठी शिकलेल्या. म्हणाल्या, "भाई, ह्यातल्या पाच बहिणी हायत. बाप एकच. आमी चार वर्सांनी नर बदलतो, दुसऱ्या टोळीला देतो. मागल्या बारीला ती टोळी भेटलीच न्हाय."

"हे साहेबांना सांगितलं?"

"त्यांनी कुठं विचारलं?"

पाच बहिणी परक्या म्हणून मोजल्या, तर फरक आहे त्याहून कमी दिसणार. प्रकाशचं सगळं काम वाया. परतताना नळदुर्गपर्यंत मी हे पोटात ठेवलं. एवढं सुख मला बढतीनंही दिलं नव्हतं. तेवढ्यात तो म्हणाला, "तू आलास, बरं वाटलं रे." झालं, सांगून टाकलं.

त्याचा चेहरा उतरला. त्यानं गाडी वळवली आणि जेठीबेनपुढं मांडी घालून बसला. "चुकलं माझं, बेन. आता एकेकीचे आईबाप सांगा." त्या सांगत राहिल्या, तो लिहीत राहिला. निघताना त्यांनी त्याला उंटिणीचं दूध दिलं. मला पुन्हा चहा.

घरी बायकोनं विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"त्याची चूक निघाली."

"मग खूश असाल."

चुका मीही करतो. कबूल करायची वेळ आली की आधी दुसऱ्याचं नाव शोधतो. त्याला हे इतकं सहज कसं जमतं, हे विचारायला अजून मी फोन केलेला नाही.