कर्णिकांच्या खोलीचा खर्ज

चार माणसं एका छंदापायी एकत्र आली की सामान थोडं साठतं आणि किस्से फार. सामान पुढे भंगारात जातं. किस्से कोणी घेत नाही, म्हणून ते आपल्यापाशीच राहतात.

आमचं मंडळ तर चौघांचंही नव्हतं धड. पिंपरीत औषधांचा कारखाना नवा नवा सुरू झाला होता, तेव्हाची गोष्ट. कर्णिकसाहेब तिथे उपकरणं दुरुस्त करायचे. लढाईत ते लष्कराच्या वायरलेसवर होते. पुनावळ्याचा दत्ता गव्हाणे वायरमन, आणि मी स्टोअरमध्ये. रविवार आला की आम्ही दोघं कर्णिकांच्या क्वार्टरमध्ये. तिथे त्यांच्या पत्नीचा, माईंचा चहा आणि साहेबांनी हातानं बनवलेला सागवानी पेटीचा लाऊडस्पीकर!

*

स्पीकर उत्तम, पण गाणं लावलं की डग्गा घुमायचा आणि गायक त्याच्याखाली गाडला जायचा. साहेब म्हणाले, "कानावर विश्वास नको. मोजू या."

देहूरोडच्या लष्करी डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या विक्रीतून, त्यांनी एक ऑसिलेटर आणला. त्याची चकती फिरवली की एकच सूर खर्जापासून वर वर चढत जायचा. समोर माईक, माईकला मीटर. सगळ्या सुरांना काटा सारखाच राहिला तर आवाज खरा.

पहिल्याच दिवशी खालच्या एका सुराला काटा उडाला आणि त्याच क्षणी स्वयंपाकघरातली मांडणी थरथरायला लागली. ताटं, वाट्या, पेले, सगळं! शेजारच्या बाई पोराला काखेत मारून रस्त्यावर धावल्या. "बाहेर या हो! धरणीकंप!"

साहेबांनी खिडकी उघडली. "घाबरू नका. जरा थांबा, पुन्हा करून दाखवतो!"

*

मग उघड्या भिंतींवर माईंच्या गोधड्या टांगल्या. आवाज आपटून परत येईना. गाणं एकदम मोकळं झालं. आम्ही तीन रविवार खुशीत.

ऐन थंडीत माईंचे भाऊ रत्नागिरीहून न कळवता सहकुटुंब आले. रात्री सगळ्या गोधड्या खाली उतरल्या. सकाळी साहेबांनी रेकॉर्ड लावली आणि त्यांचा चेहरा पडला. मेव्हण्यांच्या ते लक्षात आलं.

"भावोजी, आमच्या येण्यानं अडचण झाली का?"

साहेबांना खोटं बोलता येत नसे. "छे छे! फक्त मधल्या सप्तकात."

*

खर्जाचं दुखणं मात्र गोधड्यांनी जाईना. दोष पेटीत की खोलीत? ठरवायचं तर भिंतीच नसतील अशा जागी मोजायला हवं. दत्ता म्हणाला, "साहेब, आमचं खळं हाय की!"

स्पीकर बैलगाडीत घातला, लॉरीची बॅटरी घेतली आणि पुनावळ्याला गेलो. उघड्या रानात ऑसिलेटर घुमू लागला. दत्ताचे चुलते तात्या बाजेवर बसून बराच वेळ ऐकत होते.

"दत्ता, ह्ये रडतंय का गातंय?"

"तात्या, मोजतोय आमी."

"मोजा, मोजा. पर गाणं कवा हाय?"

ग्राफ काढला तर रेघ जवळपास सरळ! साहेबांनी निकाल दिला, "पेटी निर्दोष आहे. गुन्हेगार आहे ती खोली."

तात्या म्हणाले, "मंग खोली सोडा की राव! खळं मोकळंच हाय."

*

पुढच्या रविवारी घरी वरचे सूर मोजत होतो. शिट्टी बारीक होत होत सुईसारखी झाली. मी आणि दत्तानं कानांवर हात ठेवले. साहेब मात्र मीटरकडे बघत बसलेले.

"काटा का हलतोय?" ते म्हणाले. "आवाज तर थांबला."

"थांबला कुठं, साहेब?" दत्ता बोलून गेला. "कान फाटत्यात!"

माई दारात उभ्या होत्या. साहेबांनी चकती थोडी मागे घेतली, पुढे नेली, पुन्हा मागे घेतली.

"ब्रह्मदेशात तोफांशेजारी बसून वायरलेस चालवला," ते म्हणाले. "वरचे सूर तिथेच राहिले असणार. चला, पुढचा घ्या."

पुण्याच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की खालचेही हळूहळू जाणार. साहेबांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "घाई करायला हवी."

*

खोलीत जागोजागी स्पीकर ठेवून मोजलं. खर्ज सगळ्यात नीट कुठे यावा? जिथे माईंचा देव्हारा होता, नेमका तिथे! साहेबांनी ते ग्राफवर पाहिलं आणि कागद उलटा करून ठेवला. देव हलवायची गोष्ट त्यांनी तोंडातून काढली नाही. आम्हीही नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर भिंतीशी जागा रिकामी, सारवल्यासारखी स्वच्छ पुसलेली. देव्हारा स्वयंपाकघरात, पाटावर.

साहेब गडबडले. "अगं, हे कशाला? देवांना तिथे कोपऱ्यात..."

माई चहा गाळत होत्या. "देवांना कुठूनही ऐकू येतं," त्या म्हणाल्या.

*

आता शेवटचा किस्सा.

त्या वेळेपर्यंत साहेबांच्या कानाशी ओरडून बोलावं लागे. पण खोली सुधारली होती, रेघ सरळ आली होती. त्यांना एकच परीक्षा हवी होती. डिस्पोजलमधलं एक यंत्र त्यांनी मिळवलं होतं. केसाएवढ्या पोलादी तारेवर ते आवाज धरून ठेवायचं. माई लग्नाआधी गाणं शिकलेल्या. त्यांचं एक भजन तारेवर घेतलं होतं.

रविवारी दुपारी खोलीत आडवी चादर बांधली. चादरीमागे माई, यंत्र, स्पीकर आणि एका गाण्यातच हात लावू नये इतका तापणारा अ‍ॅम्प्लिफायर. एक कडवं माईंनी गायचं, एक यंत्रानं, क्रम माईंच्या मनाचा. आम्ही हात वर करून ओळखायचं, माई की यंत्र. साहेब आमच्याकडे तोंड करून बसले, कारण त्यांना फक्त आमचे चेहरे ऐकू येणार होते.

पहिलं कडवं झालं. मी म्हटलं माई, दत्ता म्हणाला यंत्र. दुसऱ्याला उलट. साहेब हसत होते. शेवटचं कडवं सुरू झालं आणि आम्ही हात वर करायचंच विसरलो. एका जागी आवाज किंचित कापला, थांबला, श्वास घेऊन पुन्हा वर गेला. दत्तानं बाहीनं डोळे पुसले.

साहेबांनी मोठ्यानं विचारलं, "हे कोण होतं?"

"माई!" आम्ही दोघं एकदम म्हणालो. त्यांनी ते ओठांवरून वाचलं आणि चादरीकडे वळले.

माई बाहेर आल्या. त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "चुकले हो दोघंही! स्पीकर होता!"

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ तो हातातच होता. "मग जमलं म्हणायचं," ते म्हणाले आणि उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

सामान आवरायला मी आणि दत्ता चादरीमागे गेलो. तार रिळाजवळच तुटलेली, जमिनीवर तिचा हा एवढा गुंता. दत्तानं अ‍ॅम्प्लिफायरवर हात ठेवला, मग माझा हात धरून तिथे ठेवला. थंडगार.

वळून बघतो तर माई मागे उभ्या.

"राहू दे ते. मी आवरते," त्या म्हणाल्या. "तुम्ही बाहेर जा, त्यांच्यापाशी बसा."