मत नाही

उत्तरा सोहनी भित्री होती, आणि तिच्या ओळखीतल्या कुणालाही विचारलं असतं तर त्याने हेच पहिल्यांदा सांगितलं असतं. नेदरलंड्समधल्या ब्रेडाला येऊन इतकी वर्षं झाली, तरी मोठ्या चौकात ती सायकलवरून उतरायची आणि सायकल हातात धरून जीव मुठीत घेऊन पलीकडे जायची. शाळकरी पोरं घंटी वाजवत तिला मागे टाकायची. नगरपालिकेचा लिफाफा दारात पडला की नवरा अपूर्व घरी येईपर्यंत ती तो उघडायची नाही. लेकीच्या तापासाठी डॉक्टरकडे फोन करायचा तर आधी कागदावर वाक्यं लिहून काढायची आणि मग ती वाचून दाखवायची. लेक आर्या डचमध्ये तिची यथेच्छ टिंगल करायची.

गंमत अशी, की याच गुणावर तिला नोकरी मिळाली आणि ती टिकलीही. ठाण्याला ती शाळेत भूगोल शिकवायची. इथे डच जेमतेम, त्यामुळे शाळेचं नाव काढायची सोय नव्हती. स्टेशनजवळच्या एका इमारतीत फोनवरून लोकांची मतं गोळा करणारी एक छोटी कंपनी होती, तिथे ती लागली. बरीचशी कामं अमेरिकेची असायची. इथे दुपार कलली की तिकडे सकाळ उजाडते, आणि इंग्रजी बोलणारे परदेशी लोक ब्रेडात हवे तितके मिळतात.

त्या कामाचा पहिला नियम असा की पडद्यावर प्रश्न जसा लिहिलाय तसाच वाचायचा. ‘वा’ म्हणायचं नाही, ‘अरेरे’ म्हणायचं नाही. समोरचा गप्प बसला तर प्रश्न पुन्हा एकदा वाचायचा. तरीही उत्तर आलं नाही, तर ‘मत नाही’वर बोट ठेवायचं आणि पुढे जायचं. बाकीच्यांना हे जमता जमत नसे. कुणी हवापाण्याच्या गप्पा मारी, कुणी उत्तर सुचवी. उत्तराला मात्र स्वतःचं एक वाक्य बोलायचीही भीती वाटायची, त्यामुळे तिच्याकडून नियम मोडायचा प्रश्नच नव्हता. तिचा वरिष्ठ योस्ट नव्या लोकांना तिच्या मुलाखती नमुना म्हणून ऐकवायचा.

त्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका राज्याचं काम आलं. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कुणाला उभं करावं, हे तिथले मतदार आधी मत देऊन ठरवतात, त्याला प्रायमरी म्हणतात. ती जवळ आली होती आणि त्याआधी लोकांचा कल हवा होता. फोन संगणकच लावायचा. उत्तराला नंबर दिसत नसे, नाव कळत नसे. पलीकडचा फक्त एक आवाज असायचा.

त्या दुपारी आला तो एका म्हाताऱ्याचा. खणखणीत आणि जरा खट्याळ. मुलाखतीआधीच्या चाचपणीत मतदान करणार का, तर म्हणाला, मेलो नाही तर करणार. उत्तराने ‘नक्की करणार’वर बोट ठेवलं. मागे टीव्ही चालू होता. मग मुलाखतीचा पहिला प्रश्न, तोच मुख्य. तिने उमेदवारांची नावं वाचली आणि आज मतदान असतं तर कुणाला मत द्याल, असं विचारलं.

पलीकडून घशातून काढल्यासारखा काहीतरी आवाज आला. तिने प्रश्न पुन्हा वाचला. परत तसाच आवाज, थोडा लांबलेला. तिने ‘मत नाही’ नोंदवलं. दुसरी पसंती कुणाला? मत नाही. महागाईवर कोण बरं काम करेल? मत नाही. चौथा प्रश्न तिने दोनदा वाचला, शांतपणे, एकही शब्द न गाळता, आणि पुन्हा तेच बटण दाबायला बोट नेलं. नेलं आणि दाबलंही. म्हणजे एकूण चौथ्यांदा. मग पलीकडे काहीतरी जड पडलं.

तिने हात वर केला. योस्ट आला, त्याने दुसरा हेडफोन कानाला लावला आणि त्याचा चेहरा उतरला. अर्धांगवायूचा झटका असावा, तो म्हणाला, माझ्या वडिलांना आला होता तेव्हा ते असेच बोलत होते. इथून रुग्णवाहिकेचा नंबर फिरवून उपयोग नव्हता, ब्रेडाचीच गाडी आली असती. मतदारांचा नंबर उघडायचा नाही असा सक्त नियम असतानाही तो धावत आपल्या जागेवर गेला. नंबर उघडून गाव शोधायचं आणि तिथल्या पोलिसांना फोन लावायचा, असं त्याने ठरवलं. जाता जाता एवढंच म्हणाला, लाइन सोडू नकोस, बोलत राहा.

बोलत राहा! काय बोलणार? पडद्यावर पाचवा प्रश्न होता, सीमेवरच्या धोरणाबद्दल. त्या माणसाचा श्वास ऐकू येत होता, घरघर करत, मध्येच थांबत. तो थांबला की तिचाही थांबायचा. टीव्हीवर कुठल्याशा उमेदवाराची जाहिरात लागली होती आणि तो उमेदवार मोठ्या उत्साहात सगळ्यांना चांगले दिवस कबूल करत होता.

शेवटी ती ततपप करत बोलली. मी इथे आहे, म्हणाली. माणसं येतायत. उठू नका. दारात कोण आहे, घरी कोण आहे, जवळ उशी आहे का, असं काहीबाही विचारत राहिली. मग दारावर धक्के बसले, बुटांचे आवाज आले, आणि एका बाईने फोन उचलून कोण बोलतंय असं दरडावून विचारलं. उत्तरा सांगेपर्यंत लाइन कटली.

घरी अपूर्वने तिचं फार कौतुक केलं. तू नसतीस तर तो माणूस गेलाच असता, म्हणाला. उत्तराने त्याला चार प्रश्नांबद्दल काही सांगितलं नाही. रोज आंघोळ करताना, भाजी चिरताना तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा, तो शांत, स्वच्छ, नमुनेदार आवाज. माणूस पलीकडे मरतोय आणि ही बाई विचारतेय, तुमची दुसरी पसंती कोण? त्यात वाया गेलेल्या मिनिटांनी त्याचा जीव गेला असेल, ही एक भीती. आणि दुसरी भीती ही, की ती मुलाखत ध्वनिमुद्रित होती. कुणीतरी ती कधीतरी ऐकणार होतं. योस्टला विचारावं, तर त्यालाही पुढचं काही ठाऊक नव्हतं. पोलीस परक्याला सांगत नाहीत.

प्रायमरी अगदी तोंडावर आली. अर्धवट राहिलेल्या मुलाखती संगणक आपणहून पुन्हा लावतो, आणि शक्यतो त्याच माणसाकडे देतो. योस्टने ही एक बंद करायला हवी होती. गडबडीत ते राहून गेलं. उत्तराच्या पडद्यावर एकदम पाचवा प्रश्न आला, वरचे चार रकाने भरलेले. मत नाही, मत नाही, मत नाही, मत नाही. कानात घंटी वाजू लागली होती. फोन कापायचं बटण बोटाखाली होतं. तिने मनात एवढंच म्हटलं, कुणी उचलू नये. रिकाम्या घरात वाजून वाजून थांबू दे.

फोन उचलला गेला. तिने ठरलेलं वाक्य वाचायला सुरुवात केली आणि ती अर्ध्यावर थांबली.

“तुम्हीच ना त्या?” पलीकडून आलं. तोच माणूस. खणखणीतपणा गेला होता. एकेक शब्द तो उचलून ठेवावा तसा ठेवत होता. “हो,” उत्तरा म्हणाली, आणि रडू लागली. नियमाप्रमाणे तेही करायचं नव्हतं.

तो जराही घाईत नव्हता. हळूहळू त्याने सांगितलं की त्याला त्या दिवशीचं सगळं आठवतंय. तिने विचारलेले प्रश्न आठवतायत, वाचलेली नावंही. “मी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देत होतो,” तो म्हणाला. “माझ्या कानाला ते नीट ऐकू येत होतं. तुम्ही काय लिहिलंत?”

आता उत्तरं गोपनीय असतात असं म्हणता आलं असतं. तसं एक वाक्य तयारही होतं, पडद्याच्या कोपऱ्यात. तिने ते वाक्य वाचलं नाही.

“मत नाही, असं लिहिलं,” ती म्हणाली. “चारही वेळा. मला कळलं नाही. माझं चुकलं.”

त्या दिवशीसारखीच उत्तरा कान देऊन त्याचा श्वास ऐकत राहिली.

“पुसा ते,” तो शेवटी म्हणाला. “आणि परत विचारा.”

तिने मागे जाऊन चारही रकाने रिकामे केले आणि मुख्य प्रश्न वाचला. सगळी नावं वाचली. त्याने पहिलं अक्षर काढलं, ते अडखळलं, पुन्हा काढलं. मध्ये इतका वेळ गेला की पलीकडच्या टेबलावरचा योस्ट मान वर करून बघायला लागला. उत्तराला प्रत्येक क्षणी वाटत होतं, आता पडेल, आता पडेल. तरी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून, नाव पुरं होईपर्यंत ती थांबून राहिली.